टिळकवाडीत दोन रात्रींचा मुक्काम : खाणे, नाटक-चित्रे आणि संध्याकाळ यांसाठी बेळगावचा कोणता भाग निवडावा?

निपाणीकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझी बहीण, मेहुणे आणि मेहुण्यांच्या मातोश्री नाशिकहून येत आहेत. निपाणीत एक दिवस विसावा घेऊन आम्ही चौघे शुक्रवारी दुपारी बेळगावला पोहोचू आणि रविवारी दुपारचे जेवण करून परत फिरू. मुक्काम टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, एका नातलगांच्या रिकाम्या घरात आहे. तिथे स्वयंपाकघर असले तरी ते पेटवायचे नाही, असे बहिणीने निघण्यापूर्वीच जाहीर करून टाकले आहे.

किल्ला आणि त्यातली कमल बस्ती या मंडळींनी मागच्या खेपेस पाहिली आहे आणि गोकाकच्या धबधब्याला जानेवारीत जाण्यात अर्थ नाही. त्यामुळे या वेळी धावाधाव न करता शहराचा एकच भाग धरावा, तिथल्या गल्ल्यांतून सावकाश चालावे, तिथेच खावे आणि संध्याकाळी जमल्यास तिथेच एखादे नाटक, गाणे किंवा चित्रे पाहावीत, असा विचार आहे. मेहुणे निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत आणि अजून जलरंगात काम करतात. मातोश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर असून त्या शाकाहारी आहेत आणि सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालू शकत नाहीत. बहिणीला मासळी लागते. मी काहीही खातो.

मी स्वतः १९९१ ते १९९४ अशी तीन वर्षे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकत होतो, म्हणून मला बेळगाव ठाऊक आहे असा घरच्यांचा समज आहे. वास्तविक मला ठाऊक असलेले बेळगाव म्हणजे दुसरे गेट पडलेले असताना सायकलीवर एक पाय टेकून खाल्लेले शेव-चिरमुरे, दोघांत एक म्हणजे ‘बाय-टू’ मागवलेली कॉफी आणि रात्री साडेनऊला शांत झालेला रस्ता, इतकेच आहे. आता तिथे काय उरले आहे आणि काय नवे आले आहे, हे जाणकारांनी सांगावे. मेहुण्यांचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो मी त्यांच्याच शब्दांत विचारतो : ‘तुमच्या बेळगावात रात्रीचे जीवन म्हणतात तसले काही असते का हो?’

मंगळवार पेठ

नमस्कार. मी टिळकवाडीत गेली बेचाळीस वर्षे राहतो, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती असण्याची शक्यता कमी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुमचा मुक्काम टिळकवाडीत आहे आणि मातोश्रींना फार चालवत नाही, तेव्हा टिळकवाडीच धरावी. दुसऱ्या गेटापासून कोणत्याही दिशेने निघाले तरी पंधरा मिनिटांत काहीतरी पाहण्यासारखे लागते, आणि थकल्यास रिक्षाने पाच मिनिटांत घर गाठता येते.

या भागाची रचना पाहुण्यांना आधी समजावून सांगावी, कारण ती मजेदार आहे. रेल्वेचा रूळ वस्तीच्या अंगावरून जातो आणि त्याच्यावरच्या फाटकांवरून आम्ही पत्ते सांगतो : पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट. आतल्या पेठांना वारांची नावे आहेत. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा पेठा एकमेकींना लागून असल्यामुळे ‘मी शुक्रवारात राहतो, मंगळवारात या’ असे वाक्य इथे सहज ऐकू येते आणि पुण्याच्या माणसाला ते ओळखीचे वाटते. नाशिकच्या मंडळींना एकदा समजावावे लागेल.

शुक्रवारी ऊन उतरल्यावर काँग्रेस रोडने काँग्रेस विहिरीपर्यंत चालत जा. डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधी आयुष्यात एकदाच ज्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच. गंगाधरराव देशपांड्यांनी ते घडवून आणले. अधिवेशननगरीला ‘विजयनगर’ असे नाव दिले होते आणि जमणाऱ्या हजारो लोकांना पाणी पुरावे म्हणून ही विहीर खोदली. तिला पंपा सरोवर म्हणत. त्या वेळी स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या. शेजारी वीरसौध नावाची वास्तू आहे. विहिरीच्या कठड्याला टेकून उभे राहिले की एका बाजूने वाहनांचा लोंढा आणि दुसऱ्या बाजूने गाडीची शिटी ऐकू येते, तेव्हा निवांत स्मारकाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. मातोश्रींना बसायला जागा मिळते, हे महत्त्वाचे.

तुमच्या मेहुण्यांसाठी मात्र टिळकवाडीत खरी ठेव आहे. वरेरकर नाट्यसंघाच्या वास्तूत कलामहर्षी के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन आहे. के. बी. हे बेळगावच्या चित्रकलेचे गुरुकुल म्हणावे असे गृहस्थ होते. व्यक्तिचित्र आणि जलरंग या दोन्हींवर त्यांची हुकमत होती आणि रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाला. दालनात कधी एखाद्या स्थानिक चित्रकाराचे प्रदर्शन असते, कधी शाळकरी मुलांचे, कधी काहीच नसते. प्रदर्शन लागले असेल तर संध्याकाळी जा, कारण त्या वेळी शहरातले चार चित्रकार हटकून तिथे उभे असतात आणि चित्रांपेक्षा त्यांचे बोलणे अधिक ऐकण्यासारखे असते. जलरंगात काम करणारा पाहुणा आला आहे असे कळले की ते त्याला सोडणार नाहीत, हा धोका मेहुण्यांना आधी सांगून ठेवा.

तुमच्या महाविद्यालयाविषयी तुम्हाला सांगायला नकोच. पु. ल. देशपांडे यांनी तिथे काही काळ प्राध्यापकी केली, ही गोष्ट आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि पाहुणाही ती प्रथमच ऐकत असल्यासारखी ऐकून घेतो.

खाण्याविषयी मी दोनच गोष्टी सांगतो, बाकीचे इतर मंडळी सांगतील. सकाळी उडुपी पद्धतीच्या जुन्या हॉटेलांत जा आणि आठच्या आत जा. तिथे उपमा न मागता उप्पीट मागा, कॉफी अजूनही बाय-टू मिळते आणि वेटर दोन पेल्यांत ती अशी वाटून आणतो की कोणाला कमी आली यावर भांडण होऊ नये. दुसरे असे की, संध्याकाळी देशमुख रोड आणि दुसरे गेट या पट्ट्यात गाड्यांवर जे खाणे मिळते त्यातले निम्मे आता सगळ्या देशात मिळते तेच आहे, चीज आणि मेयोनीज घातलेले. त्याला माझा विरोध नाही, पण नाशिकहून त्यासाठी यायला नको.

शहापूरचा मागवाला

वरील काकांचा मान राखून असहमत आहे. टिळकवाडी राहायला उत्तम, पण पाहायला आणि खायला शहापूर. दुसऱ्या गेटापासून गोवावेसमार्गे रिक्षाने दहा मिनिटे लागतात.

शहापूर हे मुळात बेळगाव नव्हेच, हे पाहुण्यांना आधी कळले पाहिजे. ते सांगली संस्थानात होते आणि बेळगाव इंग्रजांकडे. मध्ये फार तर एक ओढा-रस्ता, पण राज्य वेगळे, सराफी वेगळी, सणसुद्धा वेगळे. आजही बेळगाव धुळवडीला रंग खेळते आणि शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत रंग पंचमीला उडतो. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षे झाली, पण रंगाचा दिवस काही आम्ही बदलला नाही. माझी आत्या बेळगावात पांगूळ गल्लीत दिलेली असल्यामुळे लहानपणी मी दोन्ही ठिकाणी रंग खेळून दोन्ही ठिकाणी मार खाल्ला आहे.

शहापूरच्या खडेबाजारातून चालत निघा आणि सराफ गल्ली, आचार्य गल्ली, नार्वेकर गल्ली, बसवण गल्ली, कोरे गल्ली अशा एकातून एक फुटणाऱ्या गल्ल्यांत शिरा. दाराशी कट्टा, आत लांबलचक अंधारी पडवी आणि मागे परसू, अशी जुनी घरे अजून काही उरली आहेत, तरी दरवर्षी दोन-तीन पडून तिथे सिमेंटचे मजले चढतात. मेहुण्यांना रेखाटने करायची असतील तर सकाळी साडेसात ते नऊ या वेळात जावे, नंतर दुचाकी लावायला जागा उरत नाही आणि चित्रात सगळी हॅन्डलेच येतील.

आता मांड्यांविषयी. कुंदा, म्हणजे आटवलेल्या दुधाची इथली मिठाई, सगळेच नेतात, पण मांडे करताना पाहिल्याशिवाय मातोश्रींना परत नेऊ नका. रवा-मैद्याचे मऊसूत भिजवलेले पीठ बाई दोन्ही मुठींच्या पाठींवर घेऊन ताणत जाते, तेव्हा ते कोपरापर्यंत पसरते आणि पलीकडचा दिवा त्यातून दिसू लागतो. आत पिठीसाखर, खसखस, वेलची आणि तूप असते. मग तो पडदा पालथ्या घातलेल्या लोखंडी कढईवर टाकतात, आणि पुढचे काम क्षणाचे असते : गरम आहे तोवर लिफाफ्यासारखी घडी पडली तर पडली, थंड झाला की तो पापडासारखा कडक होतो आणि हात लावला की मोडतो. आमच्याकडे लग्नाच्या रुखवतात मांडे असतात आणि ते विहिणीच्या घरापर्यंत अखंड पोहोचवणे ही ज्याच्यावर जबाबदारी येते त्या मामाचे हाल पाहण्यासारखे असतात. घरी आणल्यावर चुरून वर गरम दूध आणि तूप घालून खायचे. दात नसले तरी चालते, म्हणून मातोश्रींसाठी मुद्दाम सुचवले. हे मांडे करणाऱ्या बायका घरीच करतात. जानेवारी लग्नसराईचा महिना असल्यामुळे दोन दिवस आधी विचारावे लागते.

आणि रात्रीच्या जीवनाविषयी मेहुण्यांना सांगा की वडगाव आणि खासबागेत रात्री अकरा वाजता येऊन उभे राहा. यंत्रमागांची खटखट ऐकू येईल. माल कमी असला तर एका बाजूची गल्ली गप्प असते आणि दुसऱ्या बाजूची चालू. आम्ही त्या आवाजात झोपणारी माणसे आहोत. दिवाळीत माग बंद असले की झोप लागत नाही.

कॅम्पवासी

बहिणीच्या मासळीचा प्रश्न वरच्या दोघांनीही सोयीस्करपणे टाळलेला दिसतो. टिळकवाडीत किंवा शहापुरात मासळीसाठी हिंडू नये, कॅम्पात यावे. छावणीचा हा भाग झाडांनी भरलेला आहे, रस्ते रुंद आहेत आणि मासळी बाजार इथेच आहे. गोवा आणि कारवारच्या बाजूने येणारा माल सकाळी उतरतो आणि रविवारी तिथे अर्धे बेळगाव पिशव्या घेऊन उभे असते. जेवणासाठी सुरमई-बांगड्याची थाळी मिळते तिथे आधी एक विचारावे : आज काय आले आहे. जे आले नाही तेही यादीत छापलेले असतेच. बिर्याणी हवी असल्यास नियाज हॉटेलचे नाव रिक्षावाल्याला सांगितले की पुरते. मातोश्रींना या साऱ्यात ओढू नये. त्यांना पुरोहितांच्या मिठाईच्या दुकानातला ताजा कुंदा द्यावा आणि बाकावर बसवावे.

कुंद्याविषयी एक सूचना करते. तो डब्यात भरून नाशिकला नेण्यापूर्वी इथे कोमट असताना चमचाभर खाऊन पाहावा. दूध आटवताना त्याला दह्याचा हात लावून ते दाणेदार करतात आणि साखर तांबूस होईपर्यंत ढवळत राहतात, म्हणून त्याला तो किंचित करपट, खमंग वास येतो. डब्यात दुसऱ्या दिवशी ती चव राहते, पण तो वास राहत नाही. माझे यजमान त्याच्याबरोबर मूठभर फरसाण खातात. ते मला आजवर पटलेले नाही.

कॅम्पात सेंट मेरीज चर्च १८६९ सालचे आहे. गॉथिक बांधणीचे दगडी चर्च असून संध्याकाळच्या उतरत्या उन्हात त्याचा दगड असा काही दिसतो की जलरंगवाल्या माणसाने तिथे तासभर काढावा. नाटकासाठी गोगटे रंगमंदिर याच भागात आहे. कॅम्पाचा दोष एकच : अंधार पडल्यावर इथे झाडांखालून चालताना फार शांत वाटते, काहींना नको इतके शांत. मी बायकांना एकट्याने रात्री उशिरा हाय स्ट्रीटच्या आतल्या रस्त्यांनी चालू नका असेच सांगते.

निपाणीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी एकच भाग निवडा म्हणालो होतो आणि तुम्ही तिघांनी तीन भाग सुचवलेत. हे बेळगावच आहे याची खात्री पटली.

दोन गोष्टी अजून विचारतो. एक, नाटक किंवा गाण्याचा कार्यक्रम त्या शुक्रवारी-शनिवारी आहे की नाही हे आधी कसे कळेल? दोन, रात्री दहानंतर भूक लागली तर काय करावे? मेहुणे नऊला जेवत नाहीत, ही मोठी अडचण आहे.

मंगळवार पेठ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या फजितीवरून देतो. मागच्या वर्षी मी आणि माझी पत्नी एका प्रयोगासाठी सजूनधजून सव्वासहाला एका रंगमंदिराच्या दारात पोहोचलो. दारात एक पिवळा कागद चिकटवला होता, ‘अपरिहार्य कारणास्तव प्रयोग रद्द’, आणि रखवालदार आतमध्ये दिवा लावून जेवत होता. पैसे परत मिळाले, पण चार दिवसांनी आणि तीन खेपा घातल्यावर. तेव्हापासून मी प्रयोगाच्या दिवशी सकाळी स्थानिक दैनिकाचे ‘आजचे कार्यक्रम’ सदर वाचतो आणि दुपारी पुन्हा दूरध्वनी करतो. तरुण भारतची बेळगाव आवृत्ती घ्या. हे पत्र बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली इथूनच सुरू केले आणि गावातला बारशापासून बाराव्यापर्यंतचा कोणताही कार्यक्रम त्यात सापडतो.

कार्यक्रम कुठे होतात तेही लक्षात ठेवावे. मुंबई-पुण्याच्या नाटक कंपन्या आल्या तर कोनवाळ गल्लीतल्या लोकमान्य रंगमंदिरात प्रयोग होण्याचा संभव असतो. पूर्वी तिथे रिट्झ टॉकीज होते. त्या चित्रपटगृहाच्या आठवणी सांगणारा माणूस तिकीट खिडकीजवळ नेहमी एकतरी उभा असतो. नेहरूनगरच्या बाजूला कुमार गंधर्व रंगमंदिर आहे. कुमारजींचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी इथून जवळच सुळेभावीला झाला, म्हणून ते नाव. तिथे कन्नड नाटके आणि शासकीय कार्यक्रम अधिक असतात. भाषा येत नसली तरी गाण्याच्या मैफलीला जावे, तान कन्नडमध्ये घेत नाहीत. गणपत गल्लीतले सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. त्याच्या व्याख्यानमाला आमच्या पिढीचे संध्याकाळचे विद्यापीठ होत्या आणि पाहुण्यांना त्या वास्तूत नुसते वर्तमानपत्र वाचत बसलेली माणसे दाखवली तरी पुरे. कवयित्री इंदिरा संत याच गावात राहिल्या आणि लिहित्या झाल्या. हे सांगितल्यावर मातोश्री बहुधा एखादी कविता म्हणून दाखवतील; त्यांच्या पिढीला त्या पाठ असतात.

आणखी एक, जे तुम्ही विचारले नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत मराठी साहित्य संमेलने भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा अशी गावे आपापल्या रविवारी ती भरवतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, नऊवारी नेसलेल्या मुली खांद्यावर पुस्तकांची पालखी नेतात, मग भाषणे, दुपारी पंगत, नंतर कथाकथन आणि कविसंमेलन. मंडपात शेतकरी आणि शाळकरी मुलेच अधिक असतात आणि ती विनोदी कथेला इतक्या जोरात हसतात की पुण्याहून आलेला कथाकथनकार पहिल्यांदा दचकतो. तुमचा रविवार अशा एखाद्या संमेलनाचा निघाला, तर शहर सोडा आणि तिकडे जा. येळ्ळूर तर टिळकवाडीपासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. पंगतीत त्याच शिवारातल्या बासमतीचा भात पडला तर वास आधी येईल, पान नंतर वाढले जाईल.

रात्रपाळी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नोकरीस असून महिन्यातले दोन आठवडे रात्री साडेअकराला सुटतो. उद्यमबाग म्हणजे तिसऱ्या गेटाच्या पुढे खानापूर रोडला लागलेला कारखान्यांचा भाग, त्यामुळे टिळकवाडीतून घरी जाताना काय उघडे असते ते मी पोटावरून सांगू शकतो.

दहापर्यंत सगळे ठीक असते. साडेदहाला बहुतेक कुटुंबाची हॉटेले खुर्च्या उलट्या घालायला लागतात. सव्वादहाला आत बसलेल्या गिऱ्हाइकाला वाढपी उभ्या उभ्या ‘रोटी संपली, भात आहे’ असे सांगतो, तो भात असतो दुपारचा. अशा एका नामांकित म्हणवणाऱ्या ठिकाणी मी आणि माझे मित्र आमच्या पगाराच्या दिवशी तो भात खाऊन आलो आहोत. मद्य मिळणाऱ्या हॉटेलांचा वेळ थोडा अधिक असतो, पण तिथे मातोश्रींना नेण्यासारखे काही नाही. अकरानंतर रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक या दोनच ठिकाणी जाग असते. चहा, ऑम्लेट-पाव, कधी इडली. लोखंडी तव्यावर अंडे फोडून त्यावर कांदा-मिरची टाकायची आणि ते अर्धे शिजले असतानाच त्यावर चिरलेला पाव पालथा दाबून ठेवायचा, म्हणजे पाव आणि अंडे एकच होते. थंडीत तव्याभोवती हात शेकत उभे राहिलेल्या माणसांत एखादा लष्करी पोर असतो, एखादा बाळंतिणीचा नवरा, एखादा गोव्याला भाजी घेऊन जाणारा गाडीवाला. मेहुण्यांना रात्रीचे जीवन पाहायचे असेल तर ते हे.

मात्र तुम्ही जानेवारीत येता आहात, ही चूक आहे. बेळगाव वर्षातून काही रात्री खरेच झोपत नाही. एक, वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. रायगडापासून आग्र्यापर्यंतचे प्रसंग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर उभे करतात, त्यात पात्रेही जिवंत असतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरातली आजीसुद्धा पहाटेपर्यंत खुर्ची टाकून बसलेली असते. मी स्वतः दोन वर्षे मावळा होतो. पहाटे तीनला दाढी गळून पडली तेव्हा समोरच्या लहान पोराने ती उचलून परत दिली. दुसरी म्हणजे अनंत चतुर्दशी. टिळकांनी १९०५ साली झेंडा चौकात सुरू करून दिलेल्या गणेशोत्सवाचा शेवट कपिलेश्वर तलावावर होतो आणि तो दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत चालतो. त्या रात्री हॉटेले उघडी असतात की नाही हे विचारायची वेळच येत नाही, कारण गल्लोगल्ली मंडळे जाणाऱ्या-येणाऱ्याला हाताला धरून खायला बसवतात.

शहापूरचा मागवाला

रात्रपाळीवाल्या मित्रांनी वडगावची मंगाई देवीची यात्रा विसरली. आषाढात. त्या दिवशी वडगावात ज्याचे कोणीही ओळखीचे नाही त्यानेही उपाशी परत जाऊन दाखवावे.

कॅम्पवासी

बाळंतिणीच्या नवऱ्याबद्दलचे अगदी खरे आहे. माझे यजमान तिथेच भेटले होते कोणाला तरी, पेढ्यांचा पुडा हातात घेऊन, पहाटे चारला.

एक व्यावहारिक सूचना राहिली. मेहुण्यांना उशिरा जेवायचे असेल आणि मातोश्रींना लवकर, तर शनिवारी संध्याकाळी साडेसातला मातोश्रींना एखाद्या खानावळीत ज्वारीची भाकरी, एणगायी म्हणजे भरले वांगे, शेंगदाण्याची चटणी आणि वर लोणी असे जेवू घाला. ‘कडक भाकरी नको, मऊ द्या’ असे सांगायला विसरू नका, नाहीतर कडकच येते. बाकीच्यांनी तिथे फक्त ताक प्यावे. मग त्यांना घरी सोडून तुम्ही मोकळे.

निपाणीकर

बहिणीला सगळे वाचून दाखवले. तिचा निर्णय असा : शुक्रवारी संध्याकाळी काँग्रेस विहीर आणि प्रदर्शन असल्यास कलादालन. शनिवारी सकाळी साडेसातला मेहुणे वही घेऊन शहापूरच्या गल्ल्यांत, बाकीचे आठच्या आत उप्पिटाला. दुपारी कॅम्प आणि मासळी, मातोश्रींना कोमट कुंदा आणि बाक. संध्याकाळी खानावळ, आणि वर्तमानपत्रात काही सापडल्यास नाटक. रविवारी कोणत्या गावात ग्रंथदिंडी आहे ते शनिवारच्या पेपरात पाहून ठरवू.

मेहुण्यांनी रात्रपाळीवाल्यांना विचारले आहे की, ते त्या आठवड्यात साडेअकराला सुटणार आहेत काय. सुटणार असतील तर शनिवारी रात्री तव्यापाशी भेटावे आणि ऑम्लेट-पाव मेहुण्यांकडून.

मागवाल्यांना विनंती, मांडे करणाऱ्या एखाद्या घरी आमच्यासाठी शुक्रवारचा शब्द टाकून ठेवावा. सहा मांडे पुरतील. वाटेत मोडतील ते धरून आठ सांगा.

शहापूरचा मागवाला

दहा सांगतो. निपाणीपर्यंतचा रस्ता मी पाहिला आहे.